शनिवारची चावी

नाही, पुन्हा सांगा घड्याळजी — आणि दुरुस्तीची हत्यारं ठेवून आधी बसा त्या पायरीवर, वर बघून माझी मान दुखते. अकरा वर्षं? अकरा वर्षं हे काटे मोटरीवर फिरताहेत, आणि मी दर शनिवारी ब्याऐंशी पायऱ्या चढून मनोऱ्यातल्या या जुन्या यंत्राला चावी देतोय? मग हे टिकटिक करतंय ते काय — हं, करतंय, पण काट्यांशी त्याचा संबंधच ठेवलेला नाही. मधला दांडाच काढलाय. तुमची मोटर आहे तो हा डबा कसला, म्हणून विचारलं होतं मी तेव्हाच्या पाळकसाहेबांना, तर म्हणाले, तबकडीच्या दिव्याचा आहे. पाळक माणूस, आणि तोंडावर... असो, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून बोलले असतील, भला माणूस होता. आणि मी बघा — गेल्या आठवड्यापासून घड्याळ मागे पडायला लागलं, तर मला वाटलं माझेच हात थकले, चावी पुरी बसत नाही. गुडघे धरून दोनदा चढलो. बिघडली होती तुमची मोटर.

तुम्ही येता का चर्चला? नाही? बरं. इथे खाली दर रविवारी सांगतात, माणूस तरतो तो विश्वासानं, स्वतःच्या कामांनी नाही. देवाची कृपा फुकट आहे. एकोणतीस वर्षं मी मान डोलावली. मनात म्हणायचो, असेल, चांगल्या माणसांना असेल फुकट, आपल्याला फुकटचं पचत नाही. कारण मी काय होतो ते मला ठाऊक — तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे — पीत होतो, आणि बायकोवर हात उचलत होतो. दारू सुटली. तिनं माफ केलं, एका वाक्यात, भाजी चिरता चिरता. मला ते खरंच वाटेना. इतकं सोपं कसं असेल? म्हणून हे काम मागून घेतलं. एक शनिवार चुकला नाही — तापात नाही, पायाला प्लास्टर होतं तेव्हा नाही, बसून बसून चढलो. घड्याळ चालतंय तोवर देव आपल्याला धरून आहे, असं पक्कं बसलं डोक्यात.

एक शनिवार चुकवायला हवा होता. आठ वर्षं झाली. ती अंथरुणावर, डॉक्टरांनी हात टेकलेले. दहा वाजता मी उठलो तर माझी बाही धरली तिनं. म्हणाली, "आज जाऊ नका. ते चालेल. बसा माझ्यापाशी." मी म्हटलं, असं कसं चालेल, आपोआप चालतं का कुठे काही? बाही सोडवून घेतली. तुझ्यासाठीच तर जातोय, असंही म्हणालो बहुतेक. चावी दिली, नेहमीपेक्षा दोन फेरे जास्त, तिच्या नावानं. खाली उतरलो तर शेजारीण मनोऱ्याच्या दारात उभी होती.

तिला माहीत असेल का हो मोटरीचं? पाळकसाहेब यायचे घरी, सांगितलंही असेल. की काहीच माहीत नव्हतं आणि नुसता विश्वास होता तिचा — "ते चालेल" म्हणाली, एवढंच. आता विचारू कुणाला? तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही कशाला खाली मान घालता.

झाली ना दुरुस्ती? मग उतरा सावकाश, तिसाव्या पायरीचा दगड हलतो. ते चावीचं हँडल राहू द्या तिथंच, हात लावू नका. नाही, चावी देत नाही आज. ती बसा म्हणाली होती, तर बसतो जरा. जा तुम्ही.