ठोंब्याचा उजवा हात

सन्माननीय अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या चॅनेलचे संचालक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलोय ते आपले काका, पहिल्या रांगेतल्या काकू, स्टुडिओतले माझे सोबती, आणि खुर्ची न मिळाल्यामुळं मागं भिंतीला टेकलेले सगळे, तुम्हाला माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. शाळेत मला स्टेजवर एकदाच बोलावलं होतं, तेही ‘हे कुणी केलं’ ते विचारायला. आज संचालक साहेबांनी बोलावलंय. म्हणाले, “तू थोडं बोल, लोकांना हसव आणि खाली उतर. मग काकांची सही, मग फोटो, मग जेवण.” म्हणजे तुमच्या आणि जेवणाच्या मध्ये मी उभा आहे, याची मला जाणीव आहे.

काहीजण मला ओळखत नसतील. ओळखणार कसे? माझं सगळं आयुष्य टेबलाखाली गेलंय. मी ठोंब्याचा उजवा हात.

हसू नका, खरंच सांगतोय. ‘चुकलास, ठोंब्या!’ हा कार्यक्रम बघितला नाही असं या हॉलमध्ये कुणी नसेल. पडद्यावर ठोंब्या बाहुला एकटा दिसतो, पण टेबलाखाली दोघं असतात. काकांचा उजवा हात ठोंब्याच्या तोंडात, तोंड ते चालवणार. त्यांचा डावा हात ठोंब्याच्या डाव्या बाहीत. मग उरलेल्या बाहीला कुणीतरी लागतं. तो मी. दोघं एकाच गादीवर गुडघे टेकून, नजर समोरच्या छोट्या टीव्हीवर, काकांचं कोपर माझ्या कानात आणि माझं डोकं त्यांच्या बगलेत. इतक्या जवळून मी माझ्या बापालाही ओळखत नाही.

आधी मी टेबलाच्या त्या बाजूला होतो, तुमच्यासारखा. मी आणि माझी ताई, शाळेतून आलो की दप्तरं फेकून टीव्हीसमोर. वर्गात माझ्यापेक्षा ढ कुणी नव्हतं. बाईंनीच तसं जाहीर केलं होतं. आणि घरी हा केसाळ बाबा यायचा, घड्याळाचा छोटा काटा धरून म्हणायचा, “हा मिनिटाचा!” मी जमिनीवरून उठून ओरडायचो, “चुकलास, ठोंब्या!” काय सांगू तुम्हाला, या जगात मला कुणाची तरी चूक काढता येत होती! घड्याळ मी असं शिकलो. डावं-उजवं असं शिकलो. ठोंब्याला येत नव्हतं म्हणून मला यायला लागलं. बाकी शाळेनं प्रयत्न केले, त्यांचा दोष नाही.

मग मी इथं नोकरीला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात ठोंब्याच्या तोंडात रबरी पाल ठेवली. काकांनी हात घातला. जे ओरडले, ते ठोंब्याच्या आवाजात ओरडले! सवय हो. दिग्दर्शकांनी तो ओरडा तसाच कार्यक्रमात ठेवला. पुढं मी ठोंब्याचा हात त्याच्याच नाकात घालायचो, मध्येच पाहुण्यांची टोपी उडवायचो. काका खालून कुजबुजायचे, “गाढवा, हात आवर.” आणि वरून ठोंब्या म्हणायचा, “मुलांनो, हा हात माझा नाहीये!” पोरं खूश.

पण एका जागी काका गंमत चालू द्यायचे नाहीत. ठोंब्या चुकला की पुढं तो गप्प बसायचा. आठवतंय? समोर बघत, मान जराशी तिरकी. तेव्हा मी बोट जरी हलवलं तरी काका चिमटा काढायचे. मी एकदा विचारलं, “काका, एवढा वेळ कशाला थांबायचं?”

“पोरं बोलतायत.”

“आपल्याला कुठं ऐकू येतंय?”

“येत नाही तेच बरं आहे रे. त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात. आपण फक्त थांबायचं.”

मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं.

असो. आता साहेबांचे आभार मानतो, कारण त्यांनी आजचा हॉल छान सजवलाय. सुरुवातीला ठोंब्याच्या आवाजात स्वागतही ठेवलं. “या या, बसा बसा, खुर्चीवर डोकं ठेवून बसा!” तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो. मग माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते वर स्पीकरकडे बघत होते.

काकांच्या गळ्याला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्द बोलू दिलेला नाही. ऑपरेशननंतर आवाज राहील का, तर डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. म्हणून तर हा निरोप. मग मला सांगा, मघाशी तुमचं स्वागत कुणी केलं?

तुम्ही म्हणाल, जुनं काहीतरी लावलं असेल. पण त्या आवाजानं अध्यक्षबाईंचं नाव घेतलं. अध्यक्षबाई आज पहिल्यांदा इथं येतायत.

थांबा, कुजबुजू नका. आणि ही माझी गंमत नाही. आयुष्यभर गमती केल्या की हे असं होतं, खरं बोलायच्या वेळी लोक हसायच्या तयारीत बसलेले असतात. साहेब, मी संपवतोच आहे. माझ्याकडे बघून असं हसू नका, मला विसरायला होतं.

तर, ऑपरेशनचं कळल्यावर साहेबांनी काकांना काचेच्या खोलीत बसवलं आणि रोज त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. हसणं, रुसणं, शिंकणं, सगळी अक्षरं, वाट्टेल ती वाक्यं. काकांना सांगितलं, आठवण म्हणून. काकांनी घसा फाटेस्तोवर दिलं. त्या दिवसांत मला आत सोडत नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, “आता हाताचं काम नाही.”

मग ऑफिसनं आमच्यातल्या ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना एकेक नवीन खेळणं दिलं. पाटीएवढा पडदा आणि त्यात ठोंब्या. दुकानात यायच्या आधी वापरून बघा म्हणाले. मी ताईकडे राहतो, तिची मुलगी आमची चिमणी. चिमणी तर नाचायलाच लागली. मी पण म्हटलं, चला, काका गेले तरी ठोंब्या राहिला.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही, की हा ठोंब्या चुकत नाही. चिमणीनं विचारलं, छोटा काटा कशाचा? त्यानं झटकन बरोबर सांगितलं. ती बिचारी “चुकलास” म्हणायला तोंड उघडून बसली होती, ते तसंच मिटलं.

दुसरी गोष्ट, तो ऐकतो.

परवा दुपारी घरी गेलो तर चिमणी टेबलाखाली पडदा घेऊन बसलेली. मी वाकून विचारलं, “काय चाललंय?”

“ठोंब्याशी बोलतेय.”

“काय म्हणतोय?”

“तो म्हणालाय, सांगायचं नाही.”

“मला पण नाही? अगं, मी त्याचा हात आहे!”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मोठी माणसं लहान पोरांकडे टाकतात. म्हणाली, “मामा, त्याला आता हात नकोयत.”

मी बाहेर गेल्यासारखं केलं आणि दाराआड उभा राहिलो. चोरून ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आतून काकांचा आवाज आला. अगदी काकांचा, गोळी चघळताना येतो तसा मऊ.

“आई कुठंय तुझी?”

“कपडे वाळत घालतेय.”

“आज रागावली का तुला?”

“हो. खूप.”

“मी कधी रागावतो का?”

“नाही.”

“मग तुला कोण जास्त आवडतं?”

आणि तो थांबला. काका थांबायचे तस्साच, तितकाच वेळ. फरक एवढाच, की हा उत्तराची वाट बघत होता. पोरगी लगेच बोलली नाही, तर त्यानं पुन्हा विचारलं. आणखी मऊ आवाजात.

चिमणीनं काय उत्तर दिलं ते मी इथं सांगणार नाही. ताई तिसऱ्या रांगेत बसली आहे.

मी साहेबांकडे गेलो. साहेब, खोटं बोलत असेन तर इथंच थांबवा मला. तुम्ही म्हणालात, “अरे, मुलांना मित्र हवा असतो. आणि मुलं मन मोकळं करतात, त्यातून त्यांना काय हवंय ते आपल्याला कळतं.” मी विचारलं, आपल्याला म्हणजे कुणाला? तुम्ही म्हणालात, “तू आपली बाही सांभाळ.”

मग काकांकडे का नाही गेलो? गेलो ना. काका कालपर्यंत तपासण्यांसाठी दवाखान्यात, भेटायला बंदी. दारात काकू भेटल्या. मी म्हटलं, “काकू, त्या आवाजाचं काहीतरी भलतंच चाललंय.” काकूंचे डोळे सुजलेले. म्हणाल्या, “पुरे रे आता तुझ्या गमती. निदान आवाज तरी राहतोय घरात, तो राहू दे.” मी तसाच परत फिरलो.

काकू, आज बोलतो. राग मानू नका. तुम्हाला आवाज हवाय, तो तुमच्याकडे आहे. जुने सगळे भाग आहेत. त्यात काका खोकतात, मध्येच हसू आवरत नाही, एकदा तर भर कार्यक्रमात ठोंब्यानं तुमच्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवलीत. तो आवाज तुमचा. पण हा जो वर स्पीकरमध्ये बसलाय, त्याला काकांचं काही आठवत नाही, काकू. तो उद्या तुमच्याशीही गोड बोलेल. आणि तुम्ही काय बोललात ते तुमच्या घरात राहणार नाही.

काका, समोर जो कागद आहे, तो आठवणीचा नाही. त्यावर सही झाली की हा ठोंब्या तुमच्या आवाजात घरोघरी जाणार, कायमचा. सही नसली तर दुकानात ठेवता येत नाही. हे मला साहेबांच्याच ड्रायव्हरनं सांगितलं. जे त्याला माहीत आहे, ते तुमच्यापासून लपवलं. तुम्ही सही केलीत तरी मी तुमच्या पाया पडेन. ज्याचा आवाज जातोय त्यानं काय करावं, हे मी कोण सांगणार? मी फक्त हात आहे. एवढंच, की पोरं त्याच्याशी बोलतील ती तुमच्या भरवशावर.

झालं माझं.

...काका? बसून राहा, उठू नका. बरं, बरं. पेन नको? मग?

ठोंब्याला घेताय. द्या हो कुणीतरी, ती काचेची पेटी उघडा. हं. हात घातलाय. मी येऊ का बाहीला? नको म्हणतायत. बघा सगळे, ठोंब्या कागद वाचतोय. उलटा धरलाय, गाढवानं.

ठोंब्या काकूंकडे बघतोय.

काकू... काकूंनी मान हलवली. मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगतो, नाही म्हणून हलवली.

ठोंब्यानं कागद साहेबांच्या मांडीवर ठेवलाय. पेनाचं टोपण काका लावतायत, एका हातानं, नीट बसेपर्यंत.

टाळ्या नंतर, आधी मला—

ऐकलंत? “शाब्बास मुलांनो, आता जोरात टाळ्या!” हे मी नाही बोललो. काकांकडे बघा, त्यांचे ओठ मिटलेले आहेत. ठोंब्याचंही तोंड मिटलेलं आहे. सहीनंतर हे लावायचं ठरलं असेल, पण सही कुठं झालीय? कुणीतरी मागं जाऊन त्या स्पीकरची वायर काढा. काढा हो! ...पुन्हा तेच. त्याला कळलंय की कुणी वाजवत नाहीये.

नका वाजवू. कुणीच नका वाजवू. असेच बसा.

हं. गेली वायर.

अध्यक्षबाई, आपण मला मध्येच बसवलं नाहीत, आपले आभार. काका-काकूंचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. ताई, तू आधी घरी जा, फोन करत बसू नकोस, चिमणी त्या पडद्यासोबत एकटीच आहे तिथं. दार लोटलेलं असलं तरी आत जा.

बाकी मंडळींनो, बोलताना माझे शब्द अडखळले असतील, मान-पान चुकले असतील, नको ते बोललो असेन. माणूस बोलत होता, एवढं बघून माफ करा.