एकट्याने चालणारा विंच

नाही, नाही, तो नको — तो खोक्यातून काढूसुद्धा नका हो, हे दोन काढलेत तेवढे पुरे झाले. आधी मला ह्या विंचचा पट्टा बघू द्या, बोट ट्रेलरवर ओढून घेणार तो. हं. ही शिवण कुठल्या शहाण्याने घातली? मला शिवण सांगू नका, मी आयुष्यभर गाड्यांची सीट-कव्हरं शिवली आहेत — इथे, हुकाजवळ, जिथे सगळा जोर येणार, नेमके तिथेच टाके विरळ! आमची बोट तशी लहानच आहे, फायबरची, मागे एक इंजिन, पण टाकी भरली आणि ह्यांची हत्यारांची पेटी आत ठेवली की चांगली जड होते. काय? दुप्पट वजन ओढेल? ओढेल की. दुकानात काउंटरवर सगळेच विंच दुप्पट ओढतात. धक्क्याच्या ओल्या उतारावर शेवाळं असतं, तिथे ओढेल का ते सांगा. आणि आवाज किती करतो? लावा बरं जरा बॅटरीला — बंद करा! बंद करा, बंद करा. बाहेर ऐकू जाईल.

बाहेर कोण म्हणजे? आमचे हे. ती पांढरी गाडी दिसते ना, मागे ट्रेलर, त्यावर निळी बोट, आणि बोटीभोवती टोपी घालून फिरणारा माणूस — तेच. मीच म्हटलं, तुम्ही सावकाश गाडी लावा, मी पुढे होऊन बघते काय काय आहे ते. तुम्ही असे उठून बघू नका हो! त्यांना वाटेल आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय. इकडे बघा, माझ्याकडे, मी विंच बघतेय आणि तुम्ही दाखवताय, असं. हां. आता हा दुसरा. ह्याला तर रिमोट आहे. वायर नाही? म्हणजे खिशात घालायचा आणि कुठेही उभं राहून बटण दाबायचं? बोटीत बसूनसुद्धा? वा. काय सोय केली आहे. आणि दुसरं माणूस लागतच नाही म्हणता. एकट्याने बोट पाण्यात सोडायची, एकट्यानेच ओढून वर घ्यायची. तुम्ही किती कौतुकाने सांगताय हो! तेच तर नको आहे मला.

नाही, वैतागू नका. मी गिऱ्हाईकच आहे, वेळ घालवायला आलेली नाही. माझा हात बघा — हा पट्टा बांधलाय ना मनगटाला, तो ह्या विंचपायीच. आमचा हाताने फिरवायचा आहे, जुना, हँडलवाला, आणि तो मी फिरवते. ह्यांचा उजवा खांदा गेलाय. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, शाफ्टमध्ये हात वर करकरून खांद्याची पार वाट लागली, आता हात कानाच्या वर जात नाही. म्हणून ठरलेलं असतं — हे गाडी मागे घेणार, मी हँडल मारणार. बोट वर येईपर्यंत माझ्या नाकी नऊ येतात. तर परवा रात्री ह्यांनी माझं मनगट बघितलं सुजलेलं. सकाळी म्हणाले, चल, इलेक्ट्रिक विंच घेऊ, तुझ्या हाताचे हाल मला बघवत नाहीत. इतक्या वर्षांत मी म्हणत होते तेव्हा नाही सुचलं! आणि आता सुचलं, आता — जेव्हा मला तो विंच घरात यायलाच नको आहे. कशी नाही म्हणू? काय कारण सांगू? माझा हात दुखत नाही म्हणू?

काय करतायत ते आता? तुम्ही नका बघू, मीच बघते. मागच्या दिव्याची वायर तपासतायत. मघाशीही तीच तपासली होती. असू दे. तपासू दे.

त्यांच्यात काही बिघाड नाही हं, असं काही समजू नका. चांगले ठणठणीत आहेत. कोण विसरत नाही? मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. हे गॅस चालू ठेवतात, घराच्या गल्लीत वळायचं सोडून सरळ पुढे जातात, मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात — एकदा मारली, दोनदा मारली, मी ओ दिली, विषय संपला. पण पाण्यावर गेले की बघा तुम्ही. कुठे उथळ आहे, कुठे पाण्याखाली खडक आहे, वारा दुपारनंतर कुठून फिरणार, सगळं तोंडपाठ. तिथे मला बरोबर माझ्या नावाने हाक मारतात. पाय पसरून बसतात, जुन्या लिफ्टांच्या गोष्टी सांगतात, कुठल्या साहेबाला कुठल्या मजल्यावर कसं अडकवलं होतं त्या — मला माझा नवरा तिथे भेटतो हो. घरी जो असतो त्याच्याशी मी जपून बोलते. म्हणून बोट राहिली पाहिजे. आमच्या लेकीला ह्यातलं काही कळलं तर दुसऱ्या दिवशी बोट विकून मोकळी होईल, तिचंही चूक नाही, तिच्या जिवाला घोर. म्हणून मी अळीमिळी गुपचिळी. तुम्ही पहिलेच. आणि तुम्हालाही मी काही सांगितलेलं नाही, समजलं ना?

विचारताय तर — नाही, तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या कपाळाला आठी पडलीच आहे — मागच्या खेपेला उतारावर काय झालं ते ऐका. गाडी अजून वरच होती. पाणी लांब. मी खाली धक्क्याच्या कडेला दोरी धरून उभी. हे गाडीतून उतरले, ट्रेलरच्या पुढे गेले आणि विंचचा हुक काढला. वर, कोरड्यावर! अहो, हुक शेवटी काढायचा असतो, बोट पाण्यात टेकल्यावर, हे त्यांनीच मला शिकवलेलं. हुक काढला आणि शीळ घालत घालत बोटीच्या मागे येऊन उभे राहिले, तिच्यावर हात ठेवून. आणि बोट हलली. एवढी बोट ह्यांच्या अंगावर आली असती तर मी काय केलं असतं? पण साखळी होती. बोटीला वेगळी साखळी असते ना, हुक सुटला तरी धरून ठेवणारी — ती मी लावते. निघण्याआधी, हे चहा पीत असतात तेव्हा, गुपचूप जाऊन लावून येते. ती खाडकन ताणली आणि बोट थांबली. ह्यांनी साखळीकडे बघितलं आणि मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, बघ, म्हणून मी नेहमी आधी साखळी लावतो. मी म्हटलं, खरंच, तुमचं लक्ष असतं म्हणून बरं. आणि मी तिथेच पायरीवर बसले, चप्पल नीट करायचं नाटक करून.

तर आता कळलं? हाताचा विंच आहे तोवर हे माझ्याशिवाय जाऊ शकत नाहीत. हँडल मारायला मी लागते. माझा हात सुजू दे, तुटू दे, मी लागते! तुमचा हा खिशातला रिमोट आला की संपलं. दुपारी माझा जरा डोळा लागला की हे गाडी काढणार, बोट जोडणार, आणि मी उठून बघेन तर दारात ट्रेलर नाही. जीव टांगणीला लावून किती दुपारी जागी राहू मी? आणि गंमत बघा, माझ्यावरच्या मायेने आणतायत. ह्या सगळ्याला मी रागावणार तरी कोणावर?

म्हणून तुम्ही एक करा. ते आत आले की सांगा, तुमच्या ट्रेलरला हा बसत नाही. नको, ते नको. ते माप घेतील. जन्म गेलाय मोटर आणि ब्रेक आणि दोरखंडांत, एका नजरेत सांगतील बसतो म्हणून. मग गाडीची बॅटरी पुरणार नाही म्हणा. छे, हिशोब करून तुम्हालाच गप्प करतील. ते अजून येतं हो त्यांना, तेच तर — हिशोब येतो, हुक कधी काढायचा ते येत नाही. सरळ सांगा, माल संपलाय. मागवावा लागेल. कधी येईल सांगता येत नाही. तोवर ते विसरतील. हो, विसरतील. माझ्या तोंडून काय निघतंय बघा! माझंच माणूस, आणि त्याने विसरावं म्हणून मी — उचला हे, खाली ठेवा काउंटरच्या. हासुद्धा. खोकी आत ढकला. ते निघाले. टोपी काढली, इकडेच येतायत. पट्टा राहिला बाहेर, विंचचा पट्टा! आणि तुम्ही असं चोरी पकडल्यासारखं तोंड करू नका, हसा जरा.

आलात? या, या. नाही हो, इथे काही मनासारखं नाही. हेच सांगत होते हे दुकानदार मला, माल संपलाय, मागवावा — हो ना हो? बोला ना. नुसते काय बघताय? ... अहो, तुम्ही वाकू कशाला लागलात, तिथे काही नाही, रिकामी खोकी — बरं. आहे. एक आहे. पण तो काही चांगला नाही, शिवण बघा त्याची, मी आत्ताच ह्यांना — काय? रिमोटवाला? तो कशाला आपल्याला? ... कोणाला दाखवा म्हणालात? मला? मला कशाला, मोटरचं तुम्ही बघा, तुमचा विषय तो. त्यांना सांगा हो समजावून, मला काय त्यात — नाही, काय म्हणालात तुम्ही आत्ता? परत बोला. ‘तिलाच शिकवा, मी विसरेन’? विसरेन म्हणजे? असं काय बोलता चारचौघांत! हे गंमत करतायत हं, ह्यांना सवय आहे.

गाडीची किल्ली का ठेवताय माझ्यापुढे? उचला ती. मला ट्रेलर मागे घेता येत नाही, तुम्हाला माहीत आहे, मी उजवीकडे वळवते आणि तो डावीकडे जातो. ... शिकेन? ह्या वयात? आणि तुम्ही काय करणार तोवर? ... नुसते बसणार? बोटीत, पुढे? ... आणि मी सगळं एकटीने — अहो. इकडे बघा. माझ्याकडे बघा. कधीपासून कळतंय तुम्हाला?

अहो दुकानदार, तुम्ही काय उभे आहात इथे? जा ना जरा आत. कुठला म्हणजे? हाच, रिमोटवाला, हाच बांधा. पण नंतर. आधी जा.