दुसऱ्याचा गाळा

रविवार संध्याकाळ, समाज हॉल, वळ.

आई, वनितावहिनी, नाना, हरेशच्या कंपनीतून आलेले साहेब, आणि गावातल्या सगळ्या मंडळींनो.

आधी माफी मागतो. हरेश गेल्यापासून मी गप्प आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी फोन केले, मी उचलले नाहीत. रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहायची माझी जुनी सवय आहे. त्याही लिहिल्या नाहीत. मनात जे येत होतं ते शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. अजूनही नाही. पण सभा चालवणाऱ्या नानांनी नाव पुकारलं, मी उभा राहिलो. आता तेच बोलतो.

मी हरेशचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचा धंदा तोच माझा. सॉफ्टवेअर. कंपन्या वेगळ्या, काम एकच.

मगाशी साहेब म्हणाले, हरेश नेहमी उपलब्ध असायचा. चांगल्या मनाने म्हणाले, मला ठाऊक आहे. पण तो शब्द मला खटकला. उपलब्ध. मंडळी, उपलब्ध म्हणजे काय ते मी सांगतो. त्या दुपारी हरेशच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी म्हणाल्या, रिक्षा बोलावते. हा म्हणाला, थांब, कॉल संपू दे. कॉल संपला नाही. शेवटी वहिनींनी त्याला दंडाला धरून रिक्षात बसवलं. फोन वहिनींच्या हातात, कॉल चालूच. आणि रिक्षा अंजूरफाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलेली असताना त्या फोनमधून कुणीतरी सांगत होतं, "हरेश, तू म्यूटवर आहेस. तुझा आवाज येत नाहीये."

जो बोलला त्याला दोष देत नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत? मीसुद्धा दिवसातून दहा वेळा कुणाला ना कुणाला हेच सांगतो. पण हरेशला उपलब्ध म्हणू नका. निदान वहिनींसमोर म्हणू नका.

हरेश काय काम करायचा, हे इथे बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. मी सांगतो, कारण त्याला ते सांगायला लाज वाटायची. आपल्या पट्ट्यातल्या गोदामांत पोरं हातात स्कॅनर घेऊन माल काढतात ना? माल काढायला उशीर झाला की तो स्कॅनर वाजतो. ते वाजणं हरेशने लिहिलेलं आहे. कोण किती वेळ थांबला, कुठे थांबला, सगळं वर हरेशच्या कंपनीत साहेबांच्या पडद्यावर दिसतं. तेही त्यानेच लिहिलेलं.

आता अशाच एका गोदामात त्याचा चुलतभाऊ जगन ड्युटी करतो. जगन, तू मागे उभा आहेस, मला दिसतोयस. गणपतीत सगळे जेवायला बसले होते. जगन सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा म्हणाला, "दादा, तुज्या मशीनला सांग, मी मुतायला चाललोय. वाजू नको म्हनावं."

सगळे हसले. हरेशही हसला. मग त्याने ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं.

मी त्याला साधू करायला उभा नाही. पगार घेतला, घर बांधलं, नोकरी सोडली नाही. सोडतो, सोडतो म्हणायचा. मीही म्हणतो. आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात.

पण घरी माडीवरच्या खोलीत त्याने दुसरंच काहीतरी उभं केलं होतं. कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर. झाकणं काढलेली, वर टेबलफॅन सोडलेला, खाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. वहिनी त्याला सवत म्हणायच्या. "सवतीला ऊन लागतंय का बघून या," म्हणायच्या. आणि आई, तुम्ही काय विचारलं होतंत आठवतं? बापाने लूम लावले होते, पोराने हे लावलं. तुम्ही विचारलंत, "लूम चालतो तं कापड निघतं. ह्ये चालतं तं काय निघतं?"

हरेश म्हणाला, "बिल निघतं, आई."

काय निघत होतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण तुम्ही सगळे ते वापरता. निम्म्या गावाची लग्नं त्या खोलीत आहेत. सातबारे, जातीचे दाखले, पोरांच्या मार्कशीट, म्हाताऱ्यांचे एक्स-रे. तहसीलला रांगेत उभं राहून मोबाईलवर कागद उघडला की उघडायचा. नाही उघडला तर हरेशला शिव्या. मधूनच तो एखाद्या घराचं सगळं पुसून, साठवणीतल्या प्रतीवरून परत उतरवून बघायचा आणि फोन करायचा, "फोटो दिसतो का?" कोण जेवायला बसलेला, कोण बायकोशी भांडत असलेला. "दिसतो रे बाबा, ठेव आता." परत आणता येतं हे करून बघितल्याशिवाय प्रत आहे असं तो म्हणायचाच नाही.

एकदा आम्ही दोघं वज्रेश्वरीला गेलो होतो. कुंडात पाय सोडून बसलो होतो. मी विचारलं, दिवसभर तेच करतोस, घरी येऊनही तेच? कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "ऑफिसात मी लिहिलेलं लोकांना वापरावं लागतं. घरचं लोक आपणहून वापरतात, आणि बिघडलं तर तोंडावर शिव्या घालतात. बरं वाटतं रे."

मी धंद्यातला माणूस. मी विचारलं, रोज किती लोक वापरतात? कोण जास्त, कोण कमी? म्हणाला, माहीत नाही. मोजणारा भाग त्याने काढूनच टाकला होता. मी म्हटलं, अरे, निदान स्वतःसाठी तरी ठेव. म्हणाला, "मोजायचं काम मी दिवसा करतो."

आणि नाना, तुम्ही विचारलं होतंत, हे क्लाउड क्लाउड म्हणतात ते काय असतं? मी तिथेच होतो. त्याने तुम्हाला सांगितलं, "नाना, तुमचे काल्हेरला गाळे हायत ना? क्लाउड म्हंजे दुसऱ्याचा गाळा. माल आपला, कुलूप त्याचं, आन आत काय हाय त्याची मोजदाद पन त्याचीच." तुम्ही खूप हसलात. म्हणालात, मग भाडं किती मिळतं?

आज तुम्ही ह्याच माईकवरून जाहीर केलंत की हरेशची मशीनं त्याची कंपनी घेऊन जाणार. कंपनीच्या इमारतीत ठेवणार, हरेशच्या नावाने फुकट सेवा चालू राहणार. बाहेर त्याचा फ्लेक्सही तयार आहे, मी येताना पाहिला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मला किळस आली, मंडळी. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

मी घाईत बोलतोय का, हे मी स्वतःला विचारलं. रागात आहे म्हणून वाईटच दिसतंय का, हेही विचारलं. साहेबांचा हेतू चांगला असेल. माल तिथे सुरक्षितही राहील. गाळ्यात माल सुरक्षितच असतो. पण तिथे कुलूप कुणाचं असेल? ज्या कंपनीच्या पडद्यावर जगन किती वेळ मुतायला गेला ते दिसतं, तिच्याच हातात जगनच्या बापाचा एक्स-रे द्यायचा? त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो द्यायचे? जगनला विचारलं का कुणी? तुम्हाला कुणी विचारलं का?

हरेशची शेवटची इच्छा काय होती, मला माहीत नाही. त्याने मला सांगितली नाही. त्यामुळे आज त्याच्या इच्छेच्या नावाने कुणी बोलू नये. मीही बोलणार नाही. ती खोली आता वहिनींची आहे. म्हणून टाळ्या थांबल्यावर मी मागे पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन त्यांनाच विचारलं, हे तुमच्याशी बोलून ठरलंय का?

त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगतो. त्यांनीच सांगायला सांगितलंय.

"मला कोनी इचारलं न्हाय, भाऊजी. खोलीची चावी तेवढी मागितली."

मी विचारलं, मग तुमच्या मनात काय आहे?

म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाय. रोज रातचा तो पंखा ऐकायला नको वाटतं. पन आधी ज्याचं त्याला देऊन टाका. मंग बंद करा."

संपलं. इतकं सरळ आम्हा शिकलेल्यांना सुचलं नाही. आम्ही स्मारक करायला निघालो होतो.

साहेब, हात जोडून सांगतो, गाडी पाठवू नका. नाना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तो फ्लेक्स उतरवा. आणि तुम्ही सगळ्यांनी, ज्यांचं ज्यांचं तिथे काही आहे त्यांनी, स्वतःचा पेनड्राईव्ह घेऊन या, डिस्क घेऊन या. मी बसतो तिथे. ज्याचं त्याला उतरवून देतो, तुमच्यासमोर तिथलं पुसतो. नेलेलं घरी उघडून बघा. दोन प्रती ठेवा, एक बहिणीकडे ठेवा. कंटाळा येईल. फुकट आणि बिनकष्टाचं मिळायची सवय लागलीय आपल्याला, मलाही लागलीय. पण चावी कुणाकडे द्यायची हा प्रश्न उरणार नाही.

जगन, तुझ्या शिफ्टचं मला कळव. तुझ्या वेळेला मी थांबेन.

हरेश, मित्रा, तू काही मोठा माणूस नव्हतास. त्या स्कॅनरचं वाजणं तुझंच आहे आणि ते अजून चालू आहे. पण तुझ्या माडीवर आमचं कुणी काही मोजलं नाही. त्याबद्दल तुला नमस्कार.

आता सगळ्यांनी उभं राहून थोडा वेळ शांत राहू या. घड्याळ लावू नका. वहिनी बसतील तेव्हा आपणही बसू.

मी मात्र आज घरी गेल्यावर पुन्हा लिहिणार आहे. एकच ओळ.

उद्या: कोरी डिस्क घेऊन वळला जाणे, आणि आधी त्या खोलीत ठेवलेलं आमच्या घरचं उतरवून घेणे.