पाणी बघायला आलेली मंडळी

मंडळी, माझ्या लहानपणी आमच्या नदीच्या घाटावर एक कोळीणबाई जाळं धूत बसायची. तिचा चेहरा आता आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो. घोगरा, आणि सगळ्या घाटाला पुरेल एवढा. आम्ही पोरं पाण्यात धुडगूस घालायला लागलो की मान वर न करता ती म्हणायची, “पानी ढवळू नगा रं. आत कुनाचं तरी घर हाय.” आमचे बाप तिथंच बाजूला अंघोळ करत असायचे. ते काही बोलायचे नाहीत. तिला कुणी विचारलेलं नसायचं, तरी ती बोलायची.

तर आजचा प्रश्न असा. समोर खोटं चाललंय, आपल्याला ते स्वच्छ दिसतंय, तोंडात जीभ शाबूत आहे — आणि तरी माणूस गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला काय म्हणायचं? मागच्या रांगेतले काका म्हणतायत, सभ्यता. बरं. काका, तुमचं उत्तर आपण बाजूला ठेवू. आधी आख्यान ऐका.

आज राजा नाही, राक्षस नाही. आज एक मासा आहे. पेटीवाले हसतायत — हसा, पण सूर सोडू नका.

कऱ्हाडात एक मंडळ होतं, घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचं. ते काढलं अण्णा सबनिसांनी. अण्णांच्या टाकीत ऑस्कर जातीचा एक मासा होता. वीतभर लांब, काळं अंग, त्यावर निखारे फुंकल्यासारखे केशरी डाग, आणि उजव्या गालावर एक डाग तर अगदी कोयरीसारखा. तोंड मात्र कायम रुसलेलं. लग्नात आहेर न मिळालेल्या पाहुण्यासारखं. म्हणून अण्णांनी त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब.

हा मासा माणूस ओळखतो, बरं का. रोज दाणा घालणारा हात त्याला कळतो. अण्णांच्या पत्नी, माई, काचेला बोट लावायच्या. भाऊसाहेब असेल तिथून यायचा आणि बोटाला तोंड लावून उभा राहायचा. मधे काच. पण माया काचेला अडते का?

शेवटच्या वर्षी अण्णांची स्मृती गेली. सकाळी उठून ते माईंना विचारायचे, “आपण कोण? कुणाकडे आलात?” अख्खा संसार केलेल्या बाईला! माई म्हणायच्या, “तुमच्याकडेच आलेय,” आणि डोळे पुसत टाकीपाशी जायच्या. बोट लावायच्या. तो यायचा. मग त्या हळूच म्हणायच्या, “एक तरी ओळखतो घरात.”

अण्णा गेले. माई लेकीकडे राहायला गेल्या. तिथं दोन खोल्यांत एवढी मोठी टाकी मावेना. तेव्हा मंडळातले सदानंद कोठावळे पुढे झाले. “माई, भाऊसाहेब माझ्याकडे राहील. तुम्ही वाटेल तेव्हा या.” माई दर गुरुवारी जायच्या. बोट लावायच्या, तो यायचा, कपभर चहा घ्यायच्या आणि हसऱ्या तोंडानं परत यायच्या. त्या बाईचं सुख एवढंच होतं, मंडळी. बोटाच्या टोकाएवढं.

आणि मग आली निवडणूक.

कसली निवडणूक? अण्णांच्या जागी नवा अध्यक्ष. अध्यक्षाला काय मिळतं? सभेत पहिला चहा. प्रदर्शनात फीत कापायची कात्री. लेटरहेडवर नाव. एवढ्यासाठी कोठावळ्यांनी दोन नवे सदरे शिवले. गल्लीत भेटेल त्याला सांगायचे, “अण्णांचा मासा माझ्या हाताला येतो. मग अण्णांचा वारस कोण, तुम्हीच सांगा.” भाजीवाल्यालासुद्धा सांगायचे. भाजीवाल्याला मत नव्हतं, पण कोथिंबीर जास्त घालायचा बिचारा.

समोर उभे होते पाटोळे सर, शाळेत चित्रकला शिकवणारे. चांगला माणूस. फार चांगला. किती चांगला, ते पुढे येतंच.

आता त्या मंडळाचा एक रिवाज ऐका. मतदानाच्या आधी सगळ्या सभासदांनी उमेदवाराच्या घरी ‘पाणी बघायला’ जायचं. पूर्वी मुलगी बघायला जायचे, तसं. पोहे असतात, सतरंजी असते, बशीवर चमचे वाजतात. टाकीपुढे वाकायचं, मासे बघायचे, पाणी बघायचं. अण्णांचं म्हणणं होतं, भाषण कुणीही पाठ करतं, माणूस घरी कसा वागतो ते त्याच्या पाण्यात दिसतं.

कोठावळे टाकीपुढे उभे राहिले आणि त्यांना घाम फुटला. टाकीतल्या गाळणीत एक स्पंज असतो. वापरून वापरून तो तपकिरी होतो, बुळबुळीत होतो. नवख्याला वाटतं, घाण. पण त्या बुळबुळीत थरात डोळ्यांना न दिसणारे जीव नांदतात. माशानं केलेली घाण ते पचवतात, म्हणून मासा जगतो. ही मंडळी त्याला म्हणतात मुरलेलं पाणी. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते जीव मरतात. आणि हे नवीन सभासदांना कोण शिकवायचं? कोठावळेच! “स्पंज नळाखाली धराल तर हत्या लागेल” — हे वाक्य त्यांचंच. बोट नाचवून म्हणायचे.

पण पाच-सहा दिवसांत पाहुणे येणार. भावी अध्यक्षाच्या टाकीत तपकिरी डाग? लोक काय म्हणतील? कोठावळ्यांनी स्पंज काढला, नळ पूर्ण सोडला आणि पांढरा होईपर्यंत पिळला. खडे घासले. काच घासली. जुनं पाणी सगळं मोरीत ओतलं. आता ज्ञान होतं की नव्हतं? होतं. ज्ञानाला पाहुण्यांपुढे कोण विचारतो!

अशी टाकी झाली, मंडळी, की काच आहे की नाही कळेना. माझं मन जुन्या बायकांच्या जात्यापाशी बसून वाढलेलं, ओवी आल्याशिवाय राहत नाही —

काच पुसली पुसली, आपुला मुखडा पाहिला,
आतला पाव्हणा गं, श्वास शोधीत राहिला।

दोन-तीन दिवस भाऊसाहेब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत राहिला. मग आडवा झाला. ते काळं अंग, ते निखारे — विझले. कोठावळेवहिनी म्हणाल्या, “अहो, माईंना कळवा.”

कोठावळे म्हणाले, “निवडणूक होऊ दे.”

बघा, मंडळी. घरात मयत झालं की माणूस दार लोटून का होईना, रडतो. हे गृहस्थ पुण्याला गेले आणि तेवढाच दुसरा ऑस्कर घेऊन आले. रोज पाणी बदलून त्याला कसाबसा जगवला, आणि लावले पोहे परतायला.

मंडळी आली पाणी बघायला. माईही आल्या, अण्णांच्या पत्नी म्हणून मानानं. आता नीट ऐका. तिथं आलेला प्रत्येक जण मासे पाळणारा. दुसऱ्याच्या टाकीतलं शेपूट बघून वय सांगणारे लोक! टाकीपुढे वाकला की प्रत्येकाची नजर माशाच्या उजव्या गालावर जायची. कोयरी नाही. नजर कोठावळ्यांकडे जायची. आणि मग? मग नजर पोह्यांकडे जायची.

डॉक्टर रणवऱ्यांना दिसलं. पण त्यांना चिटणीस व्हायचं होतं, कोठावळ्यांच्याच हाताखाली. पाटोळे सरांना तर सगळ्यांत आधी दिसलं, चित्रकाराचा डोळा तो. त्यांच्या पत्नीनं कानात विचारलं, “बोलत का नाही?”

“मी बोललो तर लोक म्हणतील मतांसाठी बोलतोय.”

“मग म्हणू देत.”

“शोभत नाही गं ते.”

ऐकलंत? एकानं आपली टाकी धुतली, दुसरा आपलं नाव धूत बसला. दोघांनाही डाग नको होता. फरक कसला करता?

आणि माई पुढे झाल्या. काचेला बोट लावलं. मासा दचकला, उलटा फिरला आणि दगडामागे जाऊन बसला. माईंनी पुन्हा लावलं. “भाऊसाहेब, अरे मी आहे.” तो हलला नाही.

“असा का करतोय हा, सदानंद?”

कोठावळे म्हणाले, “वय झालं माई त्याचं. विसरायला लागलाय.”

सगळ्या शब्दांतून हाच शब्द सापडला त्यांना. आणि डॉक्टर रणवरे, शिकलेला माणूस, बशी हातात धरून म्हणतो कसा, “माशांनाही होतं हो तसं. अण्णांना नव्हतं का झालं?” सगळ्यांनी माना हलवल्या. चमचे वाजत राहिले. माईंनी बोट काचेवरून काढलं आणि पदरात गुंडाळलं, भाजल्यासारखं.

निवडणूक झाली. कोठावळे निवडून आले. वाचनालयाच्या सभागृहात सत्कार ठेवला. शाल-नारळ द्यायला माईंना बोलावलं. माईंनी शाल घातली, नारळ दिला, आणि खाली उतरायच्या आधी म्हणाल्या, “सदानंद, मी आता गुरुवारची येणार नाही. त्याला त्रास होतो मला बघून. हे मला विसरले तेव्हा वाटलं होतं, आजार आहे. आता तोही विसरला. माझ्यातच काहीतरी असेल, आठवणीत ठेवण्यासारखं नसलेलं.”

सभागृह गप्प.

मी इथं क्षणभर थांबतो. पेटी थांबवा. त्या गप्प सभागृहात कोण कोण बसलंय, बघा जरा. मला तर ओळखीचे चेहरे दिसतात. लग्नाच्या बोलणीत मुलाचं व्यसन माहीत असून पेढा उचलणारे. मीटिंगमध्ये दुसऱ्याची चूक तिसऱ्याच्या माथी बसताना चहात बिस्किट बुडवणारे. भावाभावांत कोण खोटं बोललं ते माहीत असून ‘आपण कशाला मधे पडा’ म्हणत चपला शोधणारे. काका, तुमची सभ्यता मी जपून ठेवली होती. ही घ्या. आता सांगा, ती कुणाच्या जिवावर उभी आहे? खोटं बोलणारा एक असतो. त्याला पोसायला मात्र चांगल्या माणसांची पंगत लागते. तुम्ही आज घरी जाल, कुणीतरी काचेला बोट लावून उभं असेल. तुम्हाला माहीत असेल, आत कोण नाही ते.

माई पायऱ्या उतरत होत्या. तेव्हा पाटोळे सर उठले. आता बोलणं म्हणजे हरलेल्याचा जळफळाट, हे त्यांना कळत होतं. हसायला तयार असलेली तोंडंही दिसत होती. ते व्यासपीठाकडे गेलेच नाहीत. माईंपाशी गेले, त्यांचा हात हातात घेतला.

“माई, तो तुम्हाला विसरला नाही. भाऊसाहेब निवडणुकीआधीच मेला. त्या दिवशी टाकीत होता तो दुसरा मासा, त्यानं तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. मला दिसत होतं, माई. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.”