सरांचे श्वास

तुम्ही पेपरांचं काय सांगता राव, माझी परीक्षा औंढ्याच्या दवाखान्यात खऱ्या लेकरावर झाली होती! मुलांच्या डॉक्टरांचं ट्रेनिंग होतं ते. पुस्तकातलं कोणी विचारत नव्हतं, समोरच्या पेशंटवर करून दाखवायचं. परीक्षक म्हणजे एक म्हातारे, महाकडक सर, शेजारीच खुर्ची टाकून बसलेले.

मेंढ्या राखणारी एक बाई खोकणारं पोरगं घेऊन आली. मी म्हटलं, "ताई, सदरा वर करा, याचे श्वास मोजतो."

तिनं पोराला झटकन पदराखाली ओढलं. "न्हाई! सासऱ्याचे असेच मोजले व्हते डॉक्टरनं. सांजच्याला गेले."

झालं, म्हटलं, आपण नापास. तेवढ्यात सर उठले, शर्टाची बटणं काढली आणि सरळ टेबलावर आडवे झाले.

"आधी माझे मोज रे."

मी घड्याळ धरून मोजले. बाई टक लावून बघत होती. सर धडधाकट उठून बसले, तेव्हा कुठं तिनं पोराचा सदरा वर केला.

पोराला साधा खोकलाच निघाला. मी औषध समजावलं, सरांनी पास म्हणून मान हलवली. पण बाई दारातून परत फिरली.

"डॉक्टर, या बाबाचे बी मोजले ना तुमी? मग त्यांना दवा काहून न्हाई दिली?"