टिनवाल्याकडे उंदरांचा पिंजरा

(नागपूर, इतवारी. भैयाजी टिनवाल्याचं दुकान. समोर सुभद्राबाई.)

भैयाजी : पुन्हा एकदा सांगा, बाई. उंदराले झोपाळा?

सुभद्रा : झोपाळा नाही, झोळी. कपडा माह्या घरचा आहे. तुम्ही फक्त वरून चार कड्या करून द्या.

भैयाजी : मी उंदीर पकडाचे पिंजरे बनवतो. आत गेला का खटका पडला, किस्सा खतम. त्याले आराम भेटावा म्हनून कोनी आलं नाही अजून.

सुभद्रा : मी आली ना.

भैयाजी : बरं. शिडी पायजे?

सुभद्रा : एक. वरती फळी. लपाले नारळाची करवंटी, ती आहे माह्याकडं. आन कुरतडाले कडुनिंबाचं लाकूड. दात वाढतच रायते त्यायचे, घासले नाही तर खाता येत नाही. शिशाची झाळ आतून देऊ नोका. चाटते ते.

भैयाजी : हे सारं कोनं शिकवलं तुमाले?

सुभद्रा : घरच्यायनं. रुपराव नाव. मेडिकल कॉलेजात पांढरे उंदीर सांभाळत होते. स्वराज्य आलं त्या साली लागले, दसऱ्याले रिटायर झाले. रोज जेवताना उंदरायच्याच गोष्टी. मी म्हनत होती, घास तरी गिळू द्या मले.

भैयाजी : म्हंजे ऐकत होत्या तुम्ही.

सुभद्रा : कान बंद करता येते का? त्यायले वाटते, हिनं काहीच ऐकलं नाही.

भैयाजी : मंग तेच काहून नाही आले? माप बरोबर सांगतले असते त्यायनं.

सुभद्रा : घराबाहेर पडत नाही. चार महिने झाले. भिंतीकडं तोंड करून पडून रायते. पोरगी आली सासरून, तिच्याशीही दोनच शब्द. आमच्या सासऱ्याचं असंच झालं होतं. हातमाग बंद झाला, खाटेवर पडले, आन वर्षात गेले. मले लय भेव वाटते, भैयाजी.

भैयाजी : आन उंदीर कुठून आणले?

सुभद्रा : मीच गेली कॉलेजात. सायबाले म्हनलं, कामाचे राहिले नाही असे दोन द्या. खरं सांगू, शेपट्या पाहून किळस येते मले. घरी यायनं उंदरायचा खोका पाहला आन म्हनाले, ठेव तिकडं. पन काल आत हात घालून बसले होते.

भैयाजी : तेवढंही कमी नाही, बाई.

सुभद्रा : आता चाक. उंदरायले पळाले.

भैयाजी : गजाचं करतो. हलकं फिरते.

सुभद्रा : गजात शेपूट अडकते. सपाट पत्रा घ्या, आतून खरबरीत.

भैयाजी : होऊन जाईल. शनिवारी सारं फिट करून घरी पोचवतो.

सुभद्रा : पोचवू नोका. आन चाक बसवू नोका.

भैयाजी : काहून?

सुभद्रा : मी यायले सांगीन, टिनवाल्याले चाक बसवता येत नाही, तुमाले बोलावून राहिला.

भैयाजी : येते ना मले. अख्ख्या इतवारीत विचारा.

सुभद्रा : मले मालूम आहे. यायले मालूम पडाले नोको. कोनाचं तरी आपल्याबिगर अडलं म्हनून उठतीन. माह्यासाठी उठाचे असते तर कधीचेच उठले असते.

भैयाजी : म्हंजे ते येतीन, आन मी माह्याच दुकानात बसून म्हनाचं, मले येत नाही.

सुभद्रा : हो.

भैयाजी : बाजूले बर्तनवाला बसते, बाई. दिवसभर कान इकडंच रायते त्याचा.

सुभद्रा : नसन जमत तर राहू द्या. मी दुसरीकडं पाहीन.

भैयाजी : दुसरीकडं कशाले जाता. सोमवारी पाठवा त्यायले. सोमवारी बर्तनवाल्याचं दुकान बंद रायते.