झेंडूची तोडणी

सप्टेंबर १९९८. नाशिकच्या कोर्टात बाकावर माझ्या शेजारी तिघं बसले होते. फूलशेती करणाऱ्या कुसाबाई, त्यांचा झेंडू चोरणारा पुंजा आणि पुंजाचा दंड धरलेला हवालदार.

“मावशी, आत एवढंच सांगा, झेंडू यानंच तोडला,” हवालदार म्हणाला.

“यानंच. पण एक कळी दुखावली नाय. उमललेली तेवढीच नेली.”

“ते सांगू नका.”

“माझी माणसं फांदीसकट ओढत्यात. का रे पुंजा, कुठं शिकला?”

“आईकडं, मावशी.”

“मावशी, तुम्ही फिर्यादी आहात.”

“हाय ना. शिक्षा किती होईल?”

“तीन महिने तरी.”

“आन दसरा?”

“चौदा दिवसांवर.”

“मग साहेब, मला त्या दिवशी नीट दिसलंच नव्हतं. पुंजा, तोडणीला पहाटे पाचला ये. या वेळी फाटकातून ये.”